अर्धपोटी बॅटऱ्या

कैलासबेन दूध मंडळीच्या डेअरीतली बचत गटाची बैठक आटोपून घरी आली, तर गटाच्या फवारणीच्या ड्रोनच्या चारही बॅटऱ्या चुलीवरच्या माळ्यावर, जुन्या गोदडीत गुंडाळून ठेवलेल्या. तिने गोदडी उलगडली. प्रत्येकीचे चारच्या चार हिरवे दिवे लागत होते. काठोकाठ भरलेल्या.

हा उद्योग सासऱ्यांचा, दुसऱ्या कुणाचा असणार? शकराभाईंनी तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला होता. ट्रॅक्टरची बॅटरी भरूनच ठेवायची, रिकामी राहिली की ती मेली, एवढं त्यांना पक्कं ठाऊक, आणि बॅटरीच्या बाबतीत अख्खं गाव त्यांचं ऐकायचं. पण ड्रोनच्या बॅटरीची जातच वेगळी. तीन-चार महिने ठेवायची तर निम्मी भरून, थंड आणि कोरड्या जागी. पोट तुडुंब आणि खालून चुलीची ऊब म्हटल्यावर होळीपर्यंत ती पुरीसारखी फुगणार. गेल्या हिवाळ्यात दोन अशाच गेल्या होत्या. आज गटातल्या बायकांनी तोंडावर सांगितलं होतं, यंदा एक जरी फुगली तर ड्रोन शेजारच्या गावातल्या बाईकडे. मग उन्हाळी मुगाची फवारणी ती करेल, आणि कैलासबेन पुन्हा लोकांच्या शेतात निंदायला जाईल.

तिने घुंगट ओढला आणि ओसरीवर आली. या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. अकरा वर्षं तिचं प्रत्येक वाक्य सासूच्या, म्हणजे मंगुबांच्या तोंडून चार हातांवर बसलेल्या सासऱ्यांपर्यंत जात होतं. सासूला ती बा म्हणे, सासऱ्यांना बापा.

"बा, बापांना सांगा, मी ड्रोन उडवून बॅटऱ्या निम्म्या करते."

"ती म्हणते, बॅटऱ्या निम्म्या करते," मंगुबा म्हणाल्या.

"काल दुपारपासून मी चार्जरपाशी राखण करत बसलो होतो," शकराभाई खाटेवरून म्हणाले. "विचार तिला, भरलेली घागर कुणी उकिरड्यावर ओततं का?"

"ते विचारतायत, भरलेली घागर..."

"ऐकलं, बा. त्यांना म्हणावं, ही घागर नाही."

"फवारणी नाही, काही नाही, उगाच ते विमान गावावर फिरवणार? लोक म्हणतील, शकराची सून खुळावली!" ते उठले, खाट ओढून बाहेरच्या दारात आडवी टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. "आता ने म्हणावं!"

कैलासबेनने आत जाऊन दोन हातांत दोन बॅटऱ्या उचलल्या आणि गोठ्याच्या दाराने बाहेर पडली. मागे पावलं वाजली म्हणून तिने वळून पाहिलं. उरलेल्या दोन काखोटीला मारून मंगुबा येत होत्या.

"बा, तुम्ही कशाला? वजन आहे त्यांना."

"चल गं. शेणाच्या पाट्या काय हलक्या असतात?"

एरंडाच्या शेताकडेच्या मोकळ्या तुकड्यात तिने खोपटात ठेवलेला ड्रोन बाहेर काढून त्याच्या टाकीत साधं पाणी भरलं. वजन जास्त असलं की बॅटरी लवकर उतरते. पहिली निम्म्यावर आली, दुसरी आली. तिसरीच्या वेळी बांधावर निम्मं गाव गोळा झालं होतं. डोळ्यांवरचा पदर वाऱ्याने सारखा पुढे येत होता. शेवटी तिने तो मागे सारला आणि कमरेला खोचून टाकला.

"घुंगट!" शकराभाई काठी टेकत येता येताच कडाडले. "मंगु, सांग तिला! सगळं गाव बघतंय!"

"घुंगटातून आभाळ दिसत नाही, बा," कैलासबेन वरची नजर न काढता म्हणाली. "हे धूड कुणाच्या टाळक्यात पडलं तर गाव घुंगटाला विचारणार नाही, मला विचारेल."

मंगुबांनी यातलं काहीच पुढे पोचवलं नाही. त्या बांधावर बसून तपकीर दातांना लावत होत्या.

चौथी बॅटरी चढवून ड्रोन वर गेला तेव्हा एरंडाची पानं सळसळायला लागली होती. ड्रोन थोडा डुलला. कैलासबेनने त्याला सावरलं. रिमोटवर बॅटरीचे अजून तीन दिवे होते.

"वारा सुटलाय," शकराभाई बायकोला म्हणाले. "तिला म्हणावं, उतरव."

"तुम्हीच सांगा," मंगुबा म्हणाल्या. "ती बहिरी नाही आणि तुम्ही मुके नाही. माझाच घसा बसायची वेळ आली."

बांधावरच्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. शकराभाईंनी सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिलं. मग सुनेकडे मुळीच न बघता ते आभाळाला म्हणाले, "वारा सुटलाय."

"दिसतंय मला, बापा," कैलासबेन म्हणाली.

आणि तिसरा दिवा विझून दोनच उरेपर्यंत तिने ड्रोन खाली घेतला नाही.