समोरच्या घरची नानखटाई

तुपाचा डबा समोरच्या घरातल्या कावेरीने उंबऱ्यावरच अडवला.

"ते घरी ठेवून ये, अक्का. तुझ्या घरचं तूप घातलं तर बिस्किटं तुझ्याच घरची होतील. मग एवढा खटाटोप कशाला?"

सोयराबाईंना पटलं. त्या रस्ता ओलांडून परत गेल्या, तूप ठेवलं, आणि येताना करंजीचं कातणं तेवढं पदराआड लपवून आणलं. नाताळ उद्यावर आला होता. मुलगा विराज सकाळीच महादेवपुऱ्याला ऑफिसात गेला होता. सून चार वाजेपर्यंत खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची. ती बाहेर यायच्या आत सगळं उरकायला हवं होतं.

सून देस्पिना, ग्रीसची. तिची आई जूनमध्ये तिकडे वारली.

काल विराजने हौसेनं लोणी, बदाम, पिठीसाखर असं सगळं आणून ओट्यावर मांडलं होतं. तिच्या माहेरी नाताळात करतात ती बिस्किटं, कुराबिएदेस, यंदा आपणही करू, तेवढंच तिचं मन रमेल, असं त्याचं म्हणणं. देस्पिनाने एकेक वस्तू उचलून फ्रिजमध्ये ठेवली. आमच्याकडे ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात त्या वर्षी ही करत नाहीत, म्हणाली. शेजारी आणून देतात. विराज म्हणाला, अगं, ते तुझ्या आईचं घर, हे वेगळं.

"पण दोन्ही घरांत मी एकच आहे ना?" ती म्हणाली.

भाजी निवडणाऱ्या सोयराबाईंचे हात थांबले. शेजारी आणून देतात, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सुतकाच्या वर्षी लोकांच्या घरी फराळाचे डबे त्यांनीही जन्मभर पोचवले होते. पण लेक सासरी गेली की माहेरच्या माणसाचं तिला तीनच दिवस, पुढे सासरचे सणवार सुरू, हेही त्यांनी जन्मभर पाळलं होतं. त्याच न्यायानं दिवाळीत त्यांनी देस्पिनाला चकलीच्या सोऱ्यावर बसवलं होतं. आई जाऊन पाच महिने झालेले. पोरीनं मुकाट्यानं चकल्या पाडल्या, करंज्या कातल्या, वर फोटोत हसलीही. आता ते आठवून सोयराबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून आज मैदा कावेरीचा, तूप कावेरीचं, बदाम कावेरीचे.

"ओव्हन माझा, करंटही माझा," कावेरी म्हणाली. "हात तेवढे तुझे. तेवढं देव चालवून घेईल."

कृती सोयराबाईंनी विराजकडून फोनवर मागवली होती. वाचून दोघींचा जीव भांड्यात पडला, कारण नाव काढून टाकलं तर ती बरीचशी नानखटाईच होती. गुलाबपाणी घरात नव्हतं म्हणून वेलची आणि जायफळ पडलं. नाताळाची म्हणून प्रत्येकीत एक लवंग खोचायची, असंही लिहिलं होतं. विड्याला टोचतो तशीच की, म्हणत कावेरीने लवंगांची बाटली काढली. गोल बिस्किटं काय, रोजचीच असतात. सणाला काहीतरी वेगळं हवं म्हणून सोयराबाईंनी पीठ लाटून कातण्यानं चांदण्या कापल्या. पहिल्या ट्रेमधल्या चांदण्यांची टोकं मोडली. दुसऱ्या वेळी पीठ फ्रिजमध्ये घालून घट्ट करून घेतलं, तेव्हा पाचही टोकं टिकली. वर पिठीसाखर इतकी घालायची होती की खाली बिस्किट आहे हे विसरायला व्हावं. कावेरी बोटांनी चिमूट चिमूट भुरभुरवत होती. सोयराबाईंनी तिच्या हातातून वाटीच घेतली.

पावणेचारला त्या आपल्या घरी येऊन, काही घडलंच नाही असा चेहरा करून बसल्या. साडेचारला बेल वाजली. दार देस्पिनाने उघडलं.

कावेरीने डबा पुढे केला. "तुमच्या घरी यंदा करायचं नाही ना. म्हणून आमच्या घरचं आणलंय."

देस्पिनाने झाकण उघडलं. पांढऱ्याशुभ्र चांदण्या, मधोमध लवंग, आणि कडेला करंजीसारखी नागमोडी नक्षी. तिने एक उचलून खाल्ली. साखर हनुवटीवर, कुडत्यावर सांडली. आत वेलची कशी, असं तिने विचारलं. आमच्याकडे अशीच करतात, असं कावेरीने खुशाल ठोकून दिलं. देस्पिनाने वळून सासूकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

सोयराबाईंना मग बसवेना. त्या उठून तिच्याजवळ गेल्या. "दिवाळीत चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तेव्हाच कळायला हवं होतं."

देस्पिनाने डब्यातली दुसरी चांदणी त्यांच्या हातात दिली आणि तिसरी स्वतः घेतली. जूनपासून तिने आपणहून घेऊन असं काही खाल्लं नव्हतं. बाकीच्या तिने एकेक करून ताटात काढल्या, डबा धुतला, पुसला. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये म्हणून सोयराबाईंनी सवयीनं साखरेची बरणी उघडली. देस्पिनाने डब्यावर हात ठेवला.

"या वर्षी रिकामा, आई," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "पुढच्या वर्षी मी करणार. मग भरून."

सोयराबाईंनी बरणी बंद केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच शेजारणीच्या हाती रिकामा डबा दिला.