निमकर सरांचं शहर

"माणूस शहाणा असतो, त्याला बाजारातलं सगळं आधीच कळतं. आणि बेकार कोणी नसतं गं शाल्मली, लोक स्वखुशीने आराम करतात!" निमकर सरांनी तिचा बेकारीवरचा प्रबंध पुन्हा परत ढकलला. खुर्चीतून न उठता जगाची बेकारी मिटवणारा हा थोर माणूस! पण त्यांच्या सहीशिवाय शाल्मलीला डॉक्टरेट मिळणार नव्हती.

"मग सर, तुमच्या सिद्धांतात तासभर राहून दाखवा. नियमच आहे तसा."

विद्यापीठात आता प्रत्येक सिद्धांताचं शहर संगणकात उभं करत, आणि वाद पेटला की तो मांडणाऱ्यालाच आत पाठवत. सरांनी नाक मुरडत त्या शहरात नेणारा तारांचा टोप डोक्यावर चढवला.

पडद्यावर सर ऐटीत त्या शहरातल्या कॉलेजात शिरले. "मी अर्थशास्त्र शिकवतो."

"कोणाला?" एक मुलगी फिस्सकन हसली. "आम्हाला सगळं आधीच कळतं. तुम्हीच तसं ठरवलंय ना, सर?"

मग सर बँकेत गेले, कचेरीत गेले. त्यांचा सल्ला कुणालाच नको होता. शेवटी ते घामाघूम होऊन बाकावर टेकले, तशी डोक्यावरच्या पाटीवर अक्षरं उमटली: 'निमकर: स्वखुशीने आराम.'

"खोटं आहे हे! मला काम हवंय!" सर बोंबलले.

तास संपला. टोप काढून सर बाहेर आले, तेव्हा शाल्मली प्रबंध उघडून उभीच होती.

"काम हवं होतं ना, सर?" तिने पेन पुढे केलं. "इथे सही करायची आहे."