फाटलंच नाही

"ताई, मेंदू झाला का?" बाहेरच्या खोलीतून धाकट्याने हाक मारली आणि त्याचे मित्र खिदळले.

"होतोय! तुझ्यापेक्षा मोठा करते," ती स्वयंपाकघरातून ओरडली.

धाकटा कालच मेंदूचा डॉक्टर झाला होता, निदान कागदावर तरी. म्हणून ही दुपारची पार्टी, आणि पार्टीसाठी हे थेर: इवल्या ग्लासात मित्रांनी आत्ताच आणलेली व्होडका लिंबू पिळून घ्यायची आणि तिच्यात नळीने थेंब थेंब क्रीम लिकर सोडायची. आंबट लागलं की तिच्यातली साय फाटते, गुठळ्यांची वेटोळी होतात. वरून लाल सरबताचा थेंब. झाला मेंदू! नऊ वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासणाऱ्या बाईला फाटलेल्या दुधाचं काय कौतुक? पण भावाचा हट्ट. सकाळची पाळी संपवून ती तशीच आली होती आणि पायांचे नुसते गोळे झाले होते.

पाळीचा थकवा झोपेने तरी जातो. तिचा जुना थकवा वेगळाच होता. लहानपणापासून घरात शिरलं की आधी हवा हुंगायची, मग पेले हुंगायचे, मग बाबांचा चेहरा वाचायचा. आता अकरा महिने बाबांनी थेंबाला शिवलं नव्हतं. तिचं नाक मात्र अजून ड्युटीवरच होतं.

सोमवारपासून तिची तीन वर्षांची छकुली दिवसभर याच घरी राहणार होती. अट एकच, आणि ती तिने बाबांना तोंडावर सांगितली होती. "एकदा जरी घेतलीत, तरी ती इथे येणार नाही. मीही नाही." बाबांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी माळ्यावरची छोटी खुर्ची काढून घासायला घेतली. पिवळाधमक रंग लावलेली ती खुर्ची आता खिडकीपाशी ठेवलेली होती.

लिकरची बाटली तिनेच मागच्या रविवारी आणून आईच्या हवाली केली होती. "कपाटात ठेव, कुलूप लाव. किल्ली बाबांच्या हाती लागू देऊ नकोस."

"मला शिकव तू," आई म्हणाली होती.

तीच आई आता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "कशाला ती थेरं? सरबत दे की. पितील गुमान."

"घसा बसलाय का तुझा?"

"आठवडा झाला." आईने तोंडातली पुदिन्याची गोळी दुसऱ्या गालात सरकवली. दारू सुटल्यापासून बाबांच्या खिशात त्या गोळ्यांची चपटी डबी असायची, आणि आल्यागेल्याला ते गोळ्या वाटायचे. आईने ट्रे उचलला तशी वरचे ग्लास किणकिणले.

"दमलीयस तू. जा, पड जरा," ती आईला म्हणाली.

"तू बस, मी नेतो." बाबा मागोमाग आलेच. ट्रे त्यांनी घेतला, पण नजर ओट्यावरच्या बाटलीवर. "ती नको उघडूस."

"का?"

"उगाच. माझ्यासमोर नको."

"मग बाहेर जा ना."

जरा कडकच बोलली ती. तरी ते हलले नाहीत.

तिने झाकण फिरवलं. नव्या बाटलीचं झाकण कट्ट वाजतं. हे वाजलं नाही.

नळीने तिने पहिला थेंब सोडला, मग दुसरा. तपकिरी ढग पसरला आणि पसरूनच राहिला. गुठळी नाही, वेटोळं नाही. तिने आणखी अर्धं लिंबू पिळलं. ढिम्म! मग बाटलीच्या तोंडाला बोट लावून चाखलं.

प्रयोगशाळेत नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी बजावायची, "नमुन्यात काय आहे तेवढंच लिहा. भेसळ कोणी केली, ते लिहायचं नाही. ते आपल्याला कळत नसतं."

"नारळाचं दूध, कॉफी आणि साखर," ती म्हणाली. "बाबा, किल्ली कुठे मिळाली?"

बाबांनी एकदा आईकडे पाहिलं. आई फरशीकडे बघत होती.

"हिच्या पर्समध्ये," बाबा म्हणाले. "ही झोपली होती तेव्हा घेतली."

"म्हणजे तुम्हीच."

"हो. मीच."

"अकरा महिने, बाबा." आवाज चढवायलाही तिच्यात जीव उरला नव्हता. "सोमवारी छकुली येणार नाही."

तिला वाटलं होतं, ते गयावया करतील. दरवेळी करायचे.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "इतक्यात नकोच आणूस तिला इथे."

धाकट्याला "डोकं दुखतंय" एवढंच सांगून ती निघाली. फाटकापाशी पोचल्यावर लक्षात आलं, गाडीची किल्ली ओट्यावरच राहिली. पुन्हा सगळ्यांना तोंड दाखवायचं जिवावर आलं, म्हणून ती मागच्या दाराने गेली. दार अर्धवट उघडं होतं.

आई स्टुलावर बसली होती, डोकं भिंतीला टेकून. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले होते. त्यांनी खिशातून चपटी डबी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"अजून एक घे तोंडात," ते हळूच म्हणाले. "बाहेर पोरं आहेत. वास येतोय तुझ्या तोंडाला."