लाल ठिपका

सुनेच्या पर्समध्ये गोळ्यांची डबी सापडली, तशा कमळताई ती पदराआड धरून थेट कांदिवली स्टेशनजवळच्या केमिस्टकडे गेल्या. "या एचआयव्हीला देतात," तो म्हणाला, "शिवाय..." पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत.

डबी गपचूप पर्समध्ये परत गेली, पण त्या दिवसापासून कल्पिताचं ताट, वाटी, पेला सगळं वेगळं झालं. चुकून मिसळायला नको म्हणून कमळताईंनी प्रत्येकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. "कुठे शेण खाल्लंस गं? माझ्या पोराची वाट लावलीस!" रोज दुपारी पहिल्या घासाला हेच. कल्पिता नवऱ्याला दिलेल्या शब्दाखातर गप्प राहिली.

रविवारी तिघं एकत्र जेवायला बसली. बायकोच्या ताटावर ठिपका कसला, हे अल्पेशने विचारलं आणि आईचं उत्तर ऐकून त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"आई, त्या गोळ्या माझ्या आहेत. मी विसरतो म्हणून ती सांभाळते. मला बी प्रकारची कावीळ आहे, तिलाही याच गोळ्या देतात. ताटवाटीतून नाही पसरत ती. डॉक्टर म्हणाले, जन्मतानाच आईकडून आली असणार. तुझ्या मनाला लागेल म्हणून मीच हिला बोलू दिलं नाही. उद्या तुझंही रक्त तपासायचंय."

कल्पिता शांतपणे हात धुऊन आली.

 

"आई, ते नेलपॉलिश कुठे ठेवलंत?"