हरित इमारतीची लिफ्ट

चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर यायला घड्याळजीला बावीस मिनिटं लागली. पायांत जीव नव्हता. कुबड्या मांडीवर आडव्या धरून तो एकेक पायरी बसत उतरला होता. जिन्यातले दिवे माणसाची चाहूल लागली की लागायचे, पण असली चाल त्यांना ठाऊक नव्हती. दर दोन पायऱ्यांनी अंधार व्हायचा आणि त्याला कुबडी हवेत नाचवावी लागायची. दोन्ही तळहात सोलवटून निघाले होते.

वीज वाचवायची म्हणून लिफ्ट रोज दहा ते पाच बंद असे. त्या वेळा सांभाळून तो बिचारा दुकानात जायचा, यायचा. आज हरित इमारतीच्या बक्षिसासाठी परीक्षक येणार, तर सेक्रेटरींनी ती पहाटेपासूनच बंद करून टाकली. त्याने फोन केला तेव्हा त्यांनी लहान मुलासारखी त्याची समजूत घातली. "एक दिवस घरी बसा की. पृथ्वीसाठी एवढंही नाही करणार?"

मोडकी वस्तू फेकायची नाही, दुरुस्त करायची, एवढंच जो जन्मभर करत आला, त्याला ते पृथ्वी शिकवत होते. तळपायाला काही कळत नसलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते, हे त्याला आज कळलं.

खाली सगळे जमले होते. भिंतीवरच्या काचेच्या फलकावर आज वाचलेल्या विजेचा हिरवा आकडा चमकत होता आणि परीक्षकबाई तो टिपून घेत होत्या. शेवटच्या पायरीवर टेकलेला घड्याळजी दिसताच सेक्रेटरींचा चेहरा खुलला.

"हे बघा, मॅडम. दोन्ही पाय अधू, तरी जिन्यानेच येतात. मग आपल्याला काय धाड भरलीय?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घड्याळजी भिंतीच्या आधाराने उभा राहिला. एक कुबडी काखेत रुतवली आणि दुसरी सगळा जीव एकवटून फलकावर हाणली. काच फुटून परीक्षकबाईंच्या पायाशी सांडली. दुसरा घाव सेक्रेटरींच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मग शेजारी त्याच्यावर तुटून पडले. कोणी केस धरले, कोणी लाथा घातल्या, ज्याला जे जमेल ते. ओठ फाटला, तोंडात रक्त आलं. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसले आणि थोबाडीत मारत राहिले. मास्तरांच्या मनगटावरच्या घड्याळाची काच त्यानेच गेल्या आठवड्यात बसवून दिली होती. कोणीतरी दोन्ही कुबड्या पायरीवर आपटून मोडल्या.

"बास करा," परीक्षकबाई ओरडल्या, तेव्हा कुठे हात थांबले.

सेक्रेटरी खांदा धरून विव्हळत होते. "ह्याला वर नेऊन टाका," ते वॉचमनला म्हणाले. "मॅडमच्या डोळ्यांसमोरून हलवा आधी."

"कसं नेऊ, साहेब? कुबड्या तर मोडल्या."

"उचलून न्या."

"चार मजले?" वॉचमनने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी जिन्याकडे पाहिलं. त्यांना धाप लागली होती. बाकीचे आपापल्या शर्टांवरचे डाग पुसायला लागले. पुढे कोणीच होईना.

सेक्रेटरींनी दात आवळले. "लिफ्ट चालू करा."

वॉचमनने काखेत हात घालून त्याला आत ओढलं आणि बटण दाबलं. दार मिटलं. घड्याळजी लिफ्टच्या फरशीवर पाठीला टेकण लावून बसला आणि त्याने आपल्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. काच तडकली होती, सेकंदकाटा मात्र चालत होता. चौथ्या मजल्यावर दार उघडेपर्यंत त्याने काट्यावरून नजर काढली नाही.

"एकोणीस सेकंद," तो वॉचमनला म्हणाला आणि रक्त थुंकला.