अंगणातला ठिपका

इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात बसून हर्षाली उपग्रहाच्या चित्रांतून पेठ तालुक्यातलं जंगल न्याहाळते. परदेशातून आलेल्या भुंगेऱ्याने पोखरलेलं झाड इतरांना हिरवंगार दिसत असतं, तेव्हाच तिला त्याचं मरण दिसतं. काय नजर आहे बाईची! अजून एकदाही चुकलेली नाही.

ती नकाशावर त्या झाडाच्या जागी ठिपका दाखवते. मग पाड्यावरच्या कुसाबाई तिथं जाऊन कोयत्याच्या मुठीनं खोड ठोकतात आणि फोनवर आवाज ऐकवतात. पोखरलेलं खोड पोकळ वाजतं.

आजचा ठिपका कुसाबाईंच्याच अंगणात होता.

"ताई, हितं झाडच नाय," त्या हसल्या. "ठिपक्यावर मीच उभी हाय."

"मग चुकलंच माझं, मावशी."

"तुमचं कुठं चुकतं? थांबा, वाजवूनच बघते," म्हणत त्यांनी गमतीनं स्वतःच्या छातीवर मूठ आपटली.

फोनमध्ये लाकूड वाजलं. पोकळ.