चाकांवरची खोली

रस्त्याच्या कामावर रोलर चालवणाऱ्या संघर्षला पांढरकवड्याजवळ राहायला चाकांवरची खोली मिळाली होती. आत कुणी कूस बदलली तरी ती डुगडुगायची. रविवारी त्याने जॅक लावून चारही कोपऱ्यांखाली सागाचे ठोकळे बसवले आणि आत उड्या मारून बायकोला दाखवल्या.

"पाह्य वं, गिलासातलं पानीबी हालून नाही राह्यलं!"

"लेकरावानी नाचू नका जी," करुणा हसली.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर चुलीपाशी भाकरी थापत होती. सहज मागे वळून पाहिलं, तर आत निजवलेली दहा महिन्यांची लेक मैत्री रांगत थेट दाराच्या कडेवर आलेली. करुणा पिठाच्या हातांनीच धावली आणि पडता पडता तिला झेललं.

संध्याकाळी संघर्षला एक ठोकळा बाहेर पडलेला दिसला.

"हा कोनं काढला?"

"मीच काढला. पोरगी उठली का खोली हालते, भांडे वाजते, म्हनून मले चुलीपाशी समजते. आज काहीच समजलं नाही."

संघर्षने मैत्रीच्या फ्रॉकवर उमटलेल्या पिठाच्या बोटांकडे पाहिलं.

"मंग बाकीचे तीन कायले ठेवले वं?" म्हणत त्याने जॅक उचलला.